पावसाआधीची झाडझूड

आपल्याकडे घराची मोठी साफसफाई म्हटलं की दिवाळी. माळे रिकामे होतात, पंखे पुसले जातात, घासलेले डबे उन्हात पालथे पडतात. घर लखलखतं यात शंका नाही. पण झुरळं, उंदीर, वाळवी, डास यांचा विचार केला तर ही झाडझूड चार महिने उशिरा होते. त्यांचा हंगाम जूनमध्येच सुरू होतो. पहिल्या मोठ्या पावसात बिळांत पाणी शिरतं आणि उंदीर-घुशी कोरड्या जागेच्या शोधात घराकडे वळतात. गटारं भरली की मोठी तपकिरी झुरळं पाइपातून वर चढतात. हवा दमट झाली की धान्यातल्या किड्यांची वाढ भराभर होते. दिवाळीत आपण माळ्यावर चढतो तोवर तिथे त्यांच्या एकापेक्षा जास्त पिढ्या वाढून गेलेल्या असतात.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं, की वर्षातली सर्वांत कसून करायची साफसफाई एप्रिलअखेर सुरू करावी आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकावी. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो, तळकोकणात त्याच्या आधी, आणि वळवाच्या सरी तर त्याहूनही आधी येऊन जातात. हाताशी कडक ऊन आहे तोवरच ओल सुकवता येते, भिंतीत भरलेलं सिमेंट नीट वाळतं आणि धान्याला ऊन देता येतं.

कोकणात ही रीत जुनी आहे. आगोटीच्या दिवसांत कौलं परतायची, मोडकी कौलं बदलायची, लाकूडफाटा कोरड्या जागी रचायचा, वर्षाची बेगमी भरून ठेवायची. कौलं परतताना छपराचा एकेक वासा आणि रीप नजरेखालून जाई. कुठे उंदराचं घरटं आहे, कुठे वाळवीची माती चढली आहे, हे दरवर्षी आपोआप कळत असे. सिमेंटच्या घरात छप्पर उचकटावं लागत नाही हे सुखाचं खरं, पण त्याबरोबर घर कानाकोपऱ्यातून तपासायची सवयही गेली. ती परत आणायला हवी. या साफसफाईत चकाकीला महत्त्व नाही. पाणी कुठे साचतं, खरकटं कुठे अडकतं आणि आत यायची वाट कुठे आहे, हे शोधायचं आहे. त्यामुळे फडक्याबरोबर एक टॉर्च आणि एक पेन्सिल जवळ ठेवा. पेन्सिल ज्या फटीत जाते त्या फटीतून उंदराचं पिल्लू आत येऊ शकतं.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करा आणि सर्वांत जास्त वेळही तिथेच द्या. तिथे दिसणारं लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळसर पट्टे असलेलं झुरळ गटारातून येत नाही. ते वाण्याकडच्या खोक्यातून, कांदे-बटाट्यांच्या गोणीतून, जुन्या बाजारातून आणलेल्या फ्रिजमधून येतं आणि मग घरातच राहतं. मादी अंड्यांची पिशवी अंडी फुटायच्या वेळेपर्यंत पोटाशी वागवते, आणि एका पिशवीत तीस-चाळीस अंडी असतात. उबदार स्वयंपाकघरात अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण दोन महिने लागतात. मे महिन्यात दोन-चार झुरळं दिसली आणि आपण दुर्लक्ष केलं, तर गणपतीच्या सुमारास ओट्याखाली काय परिस्थिती असेल याचा अंदाज यावरून बांधता येईल.

ओट्याखालच्या ट्रॉल्या नुसत्या पुढे ओढून पुसू नका. बहुतेक ट्रॉल्या रुळांवरून उचलून बाहेर काढता येतात. त्या काढल्या की मागे सांडलेली डाळ, तेलाचे ओघळ आणि मिरपुडीसारखे काळे बारीक ठिपके दिसतील. ते ठिपके म्हणजे झुरळांची विष्ठा. जिथे ठिपके दाट तिथे त्यांचा मुक्काम. गरम पाणी, साबण आणि जुन्या टूथब्रशनं रूळ, बिजागऱ्या आणि कोपरे घासून काढा. गॅसची शेगडी उलटी करून पाहा. मिक्सरचा तळ, पाणी शुद्ध करायच्या यंत्राची मागची बाजू, स्विचबोर्डाभोवतीची जागा, भिंतीवरच्या कॅलेंडरमागची जागा याही पाहा. फ्रिज भिंतीपासून ओढून घ्या. त्याच्या मागे ऊब असते आणि खालच्या ट्रेमध्ये पाणी असतं, म्हणून झुरळांना ती जागा फार आवडते. फ्रिज हलवण्याआधी मुख्य स्विच बंद करा, एवढं मात्र विसरू नका.

यानंतर पाण्याकडे वळा. झुरळ अन्नावाचून काही आठवडे काढू शकतं, पाण्यावाचून मात्र फार दिवस टिकत नाही. म्हणून गळका नळ आणि सिंकखालचा पाझरणारा जोड आधी दुरुस्त करून घ्या. बाकीचं सगळं त्यानंतर. सिंकचा पाइप भिंतीत किंवा जमिनीत शिरतो तिथे भोवती बहुतेक घरांत बोटभर भोक असतं. ते पांढऱ्या सिमेंटनं किंवा एम-सीलनं बुजवा. सकाळी मावशी येतील म्हणून रात्रीची भांडी पाण्यात बुडवून ठेवायची सवय अनेक घरांत आहे. निदान खरकटं काढून, विसळून ती एका बाजूला निथळत ठेवा. सिंक पुसून कोरडं करा आणि ओटा पुसायचं फडकं पिळून वाळत टाका. हे पाच मिनिटांचं काम रोज केलं तर वर्षभराच्या फवारणीइतका उपयोग होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

झुरळं आधीच वाढली असतील तर फवाऱ्यापेक्षा जेल चांगलं. बिजागऱ्यांपाशी, रुळांच्या टोकांना, फ्रिजच्या मागे मुगाएवढे ठिपके द्यायचे. झुरळ ते खातं, आडोशाला जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा किंवा मेलेलं झुरळ खाणारी इतर झुरळंही मरतात. पण जेल लावलेल्या जागी फवारा मारला किंवा फिनेलनं पुसलं तर झुरळं तिकडे फिरकतच नाहीत आणि पैसे वाया जातात. जेल नेहमी साफसफाई झाल्यानंतर लावावं. आसपास खरकटं असेल तर झुरळाला जेल कशाला हवं?

घरपोच सामानाची पुठ्ठ्याची खोकी दाराबाहेरच उघडा आणि तिथूनच रद्दीत जाऊ द्या. पुढे लागतील म्हणून पलंगाखाली साठवलेली खोकी ही झुरळांसाठी तयार खोलीच असते. पुठ्ठ्याच्या नागमोडी पोकळीत त्यांना लपायला जागा मिळते आणि चिकटवायला वापरलेली खळही ती खातात.

मोठी तपकिरी झुरळं मात्र गटारातूनच येतात. न्हाणीच्या जाळीखाली वाकडा पाइप असतो आणि त्यात कायम थोडं पाणी साचलेलं असतं. त्या पाण्यामुळे गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ शकत नाहीत. मे महिन्यात सगळे गावी गेले की वापर थांबतो, उन्हाळ्यात ते पाणी आटतं आणि वाट मोकळी होते. गावाहून परतल्यावर न्हाणीत मोठं झुरळ दिसतं ते यामुळे. निघण्याआधी प्रत्येक जाळीत एक मोठा मग पाणी ओता आणि जाळीवर जाड प्लास्टिक ठेवून वर वजन ठेवा. पाहुण्यांपुरत्या वापराच्या संडास-न्हाणीतही दर आठवड्याला पाणी ओतत जा.

धान्याचं काम उन्हाशी बांधलेलं असतं, त्यामुळे ते मेअखेरपर्यंत ढकलू नका. नवा गहू डोळ्यांना स्वच्छ दिसला तरी त्यात कीड नाही असं समजू नये. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि तोंड बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते आणि महिना-सव्वा महिन्यानं किडा बाहेर येतो. मार्च-एप्रिलमध्ये भरलेल्या कोठीत जूनमध्ये अचानक किडे होतात ते आकाशातून पडत नाहीत. धान्याबरोबरच आलेले असतात. गच्चीवर काळ्या प्लास्टिकवर गव्हाचा पातळ थर पसरा, मधूनमधून हात फिरवा आणि दोन-तीन दिवस दुपारचं कडक ऊन द्या. दाणा दाताखाली कट्‌कन वाजला की वाळला. मग तो सावलीत निवू द्या आणि त्यानंतरच भरा. गरम धान्य कोठीत भरलं तर आत घाम धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नका. दाण्याला चिरा पडतात आणि शिजताना त्याच्या कण्या होतात. तांदूळ सावलीत, वाऱ्यावर वाळवावा.

जुन्या धान्यावर नवं ओतणं ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे. कोठी पूर्ण रिकामी करा, तळ खरवडा, सांध्यांतलं पीठ ब्रशनं काढा, धुऊन उन्हात तापवा. मूग, मटकी, चवळी यांच्या दाण्यांवर पांढरे बारीक ठिपके दिसले तर ती भुंगेऱ्याची अंडी आहेत. डाळी-कडधान्यांना किलोमागे चमचाभर एरंडेल चोळायची पद्धत आपल्या घरांत होती, ती उत्तम आहे. तेलाच्या थरामुळे त्या अंड्यांची वाढ होत नाही. कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळलेला असेल तरच घाला, ओला पाला ओलच वाढवतो. रवा, मैदा, बेसन थोडंच आणा. ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांनी दोन-चार किलो कडधान्य पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं तरी कीड मरते.

पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर खाण्याच्या धान्यात घालू नये असं मला वाटतं, मग त्या कितीही वर्षं घरात चालत आलेल्या असोत. आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते. कृषी सेवा केंद्रातून आणलेली अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी घरातल्या कोठीत कधीही ठेवू नका. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावू शकतात आणि त्या विषावर उतारा नाही. ते गोदामात प्रशिक्षित माणसांनी वापरायचं औषध आहे.

धान्य आहे तिथे उंदीर येणारच. सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीनं सोडलेल्या घरांत धान्य तसंच पडून राहिलं आणि उंदीर माजले, असं कारण ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आढळला तेव्हा सांगितलं गेलं होतं. शहरात आजचा धोका लेप्टोचा आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले, कारण उंदरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. अशा पाण्यातून चालावं लागलं तर साबणानं पाय धुवा आणि लगेच, दोन-तीन दिवस न जाऊ देता, प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

घरातली भोकं नुसत्या मातीनं किंवा कागदाच्या बोळ्यानं बुजवू नका. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तो सतत कुरतडतो. सिमेंटमध्ये फुटक्या काचेचे तुकडे मिसळून भरायची गवंड्यांची जुनी पद्धत अजूनही उपयोगी आहे, किंवा भांडी घासायची स्टीलची तारघासणी ठासून वर सिमेंट लावा. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोका. एसीचा आणि केबलचा पाइप भिंतीतून जातो ती जागा हमखास राहून जाते, ती पाहा. पिंजरा किंवा सापळा खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत ठेवा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनंच फिरतो. विषाचा वापर मी टाळायलाच सांगेन. विष खाल्लेला उंदीर माळ्यावर किंवा भिंतीच्या पोकळीत मरतो आणि आठवडाभर वास जात नाही. तो बाहेर मेला तर मांजर किंवा गव्हाणी घुबड त्याला खातं आणि तेही मरतं. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर लहान मूल असलेल्या घरात आणूच नये. तिनं यकृत निकामी होतं.

गावाकडे उंदीर घरापासून दूर ठेवायचं आणखी एक कारण आहे. उंदरामागे साप येतो. सरपण, विटांचे ढीग, जुनी कौलं घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. मोकळी जागा सोडून, जमिनीपासून थोडी उंच रचा. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तरी अनेकदा वेदना जाणवत नाहीत. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावं. त्याच ढिगाऱ्यांत विंचूही असतात, म्हणून सरपण काढताना आधी काठीनं हलवावं.

वाळवीबद्दल थोडक्यात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात आणि सकाळी खिडकीखाली पंखांचा सडा पडतो. बाहेरून आलेले असतील तर काळजी नाही. पण खिडक्या बंद असताना आत पंख सापडले, तर वाळवी घरातच आहे. चौकटींना, भिंतीत बसवलेल्या कपाटांच्या पाठीला टकटक करून पाहा; पोकळ आवाज आला किंवा मातीची बारीक नळी दिसली तर ती नुसती पुसून समाधान मानू नका. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं लागतं. आपल्या हातात एवढंच की भिंतीतली ओल काढणं आणि पुस्तकांचं कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवणं.

पाऊस लागला की मोठी साफसफाई थांबते, पण एक काम दर आठवड्याला करावंच लागतं. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याचा एक वार कोरडा पाळायचा. भांडं नुसतं पालथं करून भागत नाही. मादी अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवते, ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी भरलं की फुटतात. आतून काथ्यानं किंवा ब्रशनं घासणं महत्त्वाचं. विदर्भात उन्हाळाभर चाललेला कूलर पाऊस पडला की बंद होतो आणि टाकीत पाणी तसंच राहतं. तो त्याच दिवशी रिकामा करा, जाळ्यांतलं गवत काढून टाका, टाकी घासून उन्हात ठेवा. मराठवाड्यात जिथे पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, तिथे रांजण ओतून द्या असं सांगणं अन्यायाचं होईल. तिथे पिंपाला घट्ट झाकण किंवा वर बांधलेलं कापड, मोठ्या हौदात गप्पी मासे, आणि आशाताई डासांच्या अळ्या मारायचं अ‍ॅबेट टाकायला आल्या तर त्यांना परत न पाठवणं, हे करता येतं. शहरात कुंड्यांखालच्या बश्या, मनीप्लांटची बाटली, फ्रिजचा ट्रे आणि खिडकीवर बांधलेल्या ताडपत्रीच्या घड्या पाहा.

घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या-चादरी धुवायची आपली रीत कीटकांच्या दृष्टीनंही योग्य वेळेवर येते. पावसानं दमटलेलं अंथरूण तेव्हा निघतं आणि ऑक्टोबरचं ऊन सुकवायला पुरेसं असतं. गाद्यांच्या शिवणी, पलंगाच्या फळ्यांचे सांधे, स्क्रूची भोकं टॉर्चनं पाहा. काळे बारीक डाग किंवा चादरीवर रक्ताचे ठिपके असतील तर ढेकूण आहेत. ढेकूण घाणीमुळे होतात हा समज चुकीचा आहे. ते प्रवासाच्या बॅगेतून, वसतिगृहातून, लॉजमधून येतात, त्यामुळे लाज वाटून लपवू नये. ते साधारण पन्नास अंशांच्या वर टिकत नाहीत. कपडे कडक गरम पाण्यात धुवा, शिवणींवरून वाफेची इस्त्री फिरवा. गादी उन्हात टाकली की ढेकूण खालच्या सावलीच्या बाजूला सरकतात, म्हणून ती तासातासानं उलटावी लागते.

पैठण्या आणि लोकरी कपडे न धुता कपाटात जाऊ देऊ नका. कसर घामाचे आणि अन्नाचे डाग असलेल्या जागा आधी खाते. डांबराच्या गोळ्या वापरायच्याच असतील तर तान्ह्या बाळाची दुपटी, झबली त्यांच्याजवळ अजिबात ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची कमतरता असते आणि अशा बाळांना नॅफ्थलिनच्या वासानं रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते.

मेमध्ये एवढं केलेलं असेल तर दिवाळीत फक्त बुजवलेली भोकं पुन्हा उघडली नाहीत ना ते पाहायचं. त्या धामधुमीत एक सावधगिरी बाळगा: संडास साफ करायचं आम्ल आणि ब्लीच एकत्र ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोणही पाहून घ्या. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. घरात निळ्याच्या वर जायची गरज नाही. पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलंत तर परवाना आणि औषधाचं नाव विचारा, आणि ते लिहून घ्या. कुणाला त्रास झाला तर डॉक्टरांना आधी तेच लागतं.

सोसायटीत राहणाऱ्यांनी हे सगळं एकट्याच्या घरात केलं तर अर्धाच उपयोग होतो. एका घरात फवारणी झाली की झुरळं डक्टमधून शेजारी जातात आणि महिन्याभरात परत येतात. डक्टमध्ये पडलेला कचरा, ड्रेनेजच्या चेंबरची फुटकी झाकणं, गच्चीवरच्या टाकीचं उघडं तोंड आणि तळमजल्यावरची कचऱ्याची जागा, ही सगळ्यांची मिळून कामं आहेत आणि तीही पावसाआधीच व्हायला हवीत. दर मागवून, वर्गणी ठरवून मेमध्ये काम सुरू करायचं तर मार्चच्या सभेत हा विषय मांडा, आणि सगळ्या घरांची फवारणी एकाच दिवशी लावून घ्या.